पायवाटेच्या फोटोत खोली आणायची तर

सह्याद्रीतल्या वाटांचे फोटो बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. चालता चालता थांबायचं, मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा, बटण दाबायचं. समोर अंगावर येणारी चढण असते, सोंडेवरून वळसे घेत गेलेली वाट असते, तिच्या टोकाला बुरूज असतो; फोटोत मात्र खाली मातीचा पट्टा आणि वर डोंगर, एवढंच उरतं. यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. फोटोतली खोली ठरते ती कॅमेरा कुठे नेला आणि जमिनीपासून किती उंचीवर धरला यावर. म्हणून सेटिंगपेक्षा उभं राहण्याच्या जागेबद्दल मी इथे जास्त लिहिणार आहे. हातात मोबाइल असो की मोठा कॅमेरा, क्रम तोच.

१. आधी वाटेचं टोक शोधा

वाट दिसली की नजर पायाजवळच्या दगडांकडे जाते आणि फोटोची सुरुवात तिथून होते. उलट करा. ही वाट बघणाऱ्याला कुठे नेऊन सोडणार, ते आधी ठरवा. दरवाजा, बुरूज, एकटं झाड, खिंडीतून दिसणारं आकाश, धुक्यात विरणारं वळण, काहीही चालेल; पण काहीतरी हवं. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे गेलेल्या डोंगरधारेवर हे टोक आयतं मिळतं, समोर तोरणाच उभा असतो. नाणेघाटाची नाळ चढताना दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींमधून वर उजळ आकाश दिसतं, तेही उत्तम टोक. देशावरच्या पाणंदीला असं काही मिळत नाही. तिथे लांबची बाभूळ किंवा देवळाचा कळस वाटेच्या नेमका टोकाशी येईपर्यंत दहा-वीस पावलं इकडेतिकडे सरकावं लागतं.

टोक पुरेसं बळकट आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्या जागी अंगठा ठेवा. फोटोचं काहीच बिघडलं नाही असं वाटलं, तर टोक कमकुवत आहे. पुढे चाला, दुसरं शोधा.

वळणाआड जाणारी वाट घेत असाल तर वळण पूर्ण फ्रेममध्ये असू द्या आणि त्याच्या पलीकडेही थोडी जागा ठेवा. वळण फ्रेमच्या कडेवर कापलं गेलं की वाट पुढे गेली हे कळत नाही, ती तुटल्यासारखी वाटते.

२. उंची ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे, कारण बहुतेक जण इथे शून्य वेळ देतात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असतो, कारण डोळे तिथे असतात.

जमीन सपाट असेल आणि वाट सरळ असेल तर एक हिशेब कायम लागू पडतो. फोटोत वाटेच्या दोन्ही कडा दूर क्षितिजावर एका बिंदूत मिळतात आणि वाटेचा त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणाचा पाया आणि उंची यांचं प्रमाण तेच असतं, जे वाटेची रुंदी आणि कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची यांचं असतं. लेन्स बदलली तरी ते बदलत नाही. समजा, वाट १ मीटर रुंद आहे. डोळ्यांजवळून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, त्रिकोण पायाच्या दीडपट उंच दिसेल. कॅमेरा गुडघ्याशी, अर्ध्या मीटरवर आणला की पाया उंचीच्या दुप्पट होतो, आणि तीच वाट फ्रेमभर ऐसपैस पसरते. कातळावर चढून कॅमेरा जमिनीपासून तीन मीटरवर नेला तर त्रिकोण पायाच्या तिप्पट उंच, निमुळता, दूरवर जाणारा.

पण खाली बसण्याची किंमत मोजावी लागते. कॅमेरा खाली गेला की मधला टापू दाबला जातो. दहा मीटरवरचा दगड आणि पन्नास मीटरवरच्या झाडाचं बूड यांच्यात फोटोत जेवढं अंतर दिसतं, तेवढं कॅमेऱ्याची उंची दुप्पट केली की दुप्पट होतं आणि निम्मी केली की निम्मं. वाटेची वळणं याच मधल्या टापूत असतात. गुडघ्यावर बसून वळणाच्या वाटेचा फोटो काढला की सगळी वळणं एकमेकांवर चढून एक रेघ होते. म्हणून माझा ठोकताळा असा: सरळ वाटेसाठी खाली बसा, वळणाच्या वाटेसाठी उंच जागा शोधा.

लोहगडाचा विंचूकाटा हे याचं उत्तम उदाहरण. गडाच्या पश्चिमेला सुमारे दीड किलोमीटर लांब पसरलेली ही चिंचोळी माची. तिच्यावर उतरून फोटो काढला तर गवतातून गेलेली एक वाट दिसते, बस. पण उतरण्याआधी, गडाच्या वरच्या पठारावरूनच पाहिलं तर अख्खी माची दोन्ही बाजूंच्या दरीसकट समोर उलगडते आणि तिचं नाव विंचूकाटा का पडलं ते सांगावं लागत नाही. फोटो तिथूनच काढा. कड्याच्या टोकाशी जायची गरज नाही, दोन पावलं मागूनही हीच रचना मिळते.

उलट बाजू बघायची तर माथेरानला जा. तिथे मोटारींना बंदी आहे, झाडांच्या कमानीखालून जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा आहेत, आणि त्यांचे काही तुकडे चांगले सरळ आहेत. तिथे खाली बसा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन जमिनीपासून वीतभर उंचीवर जाते. वाटेवर आलेली मुळं, चाकोऱ्या, ओल्या मातीतले घोड्यांच्या टापांचे ठसे, सगळं पुढे येतं आणि लाल पट्टा झाडांच्या अंधारात घुसतो.

कोकणातल्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या गाववाटेवर, आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जांभ्याच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतील तर तुम्हाला दोनाऐवजी चार रेषा मिळतात: वाटेच्या दोन कडा आणि गडग्यांच्या दोन माथ्यांच्या रेषा. कॅमेऱ्यापेक्षा उंच असलेली रेषा दूर जाताना खाली येते, बुटकी असलेली वर चढते, आणि बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर असलेली आडवी होऊन झोपते. कमरेएवढा गडगा आणि कमरेजवळ धरलेला मोबाइल, म्हणजे ती रेषा वाया गेली. एक तर गडग्याच्या बऱ्यापैकी वर जा किंवा बऱ्यापैकी खाली. मध्ये राहू नका.

३. पुढे-मागे सरका, मग झूम करा

झूमने पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-लांबच्या वस्तूंचं फोटोतलं प्रमाण, बदलतो हा समज फार घट्ट बसलेला आहे. बदलत नाही. एकाच जागेवर उभं राहून एक फोटो वाइड काढा आणि एक झूम करून. वाइड फोटोचा मधला भाग कापून काढलात तर वस्तूंची मांडणी अगदी झूमच्या फोटोसारखीच निघेल. मांडणी बदलते ती तुमची जागा बदलल्यावर.

तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर सोबत्याला उभं करून हे करून बघा. तीन मीटरवरून मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने फोटो काढा. मग सहा मीटर मागे, म्हणजे सोबत्यापासून नऊ मीटरवर जा आणि तिप्पट झूम करा. फोटोत सोबती तेवढाच राहील, मागचा तोरणा मात्र तिप्पट मोठा होईल. डोंगराची भव्यता दाखवायची असेल तर दुसरा फोटो हवा. वाटेची लांबी आणि मधली मोकळी हवा दाखवायची असेल तर पहिला.

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं क्षेत्र घेतो आणि वाटेसाठी तो बहुतेक वेळा पुरतो. ०.५ वाला अल्ट्रावाइड फार मोह घालतो, कारण सगळंच आत बसतं. पण त्याच्यात लांबचा किल्ला खड्याएवढा होतो. हाताच्या अंतरावर खरोखर बघण्यासारखं काही असेल, दगडावरचं शेवाळ, तेरड्याचा ताटवा, पाणी साचलेली चाकोरी, तरच तो वापरा आणि त्या वस्तूच्या अगदी जवळ जा. दोन मीटर लांब उभं राहून अल्ट्रावाइडने काढलेला फोटो मधोमध पोकळ दिसतो.

समोरच्या डोंगरावरच्या घाटवाटेची एकावर एक रचलेली वळणं पकडायची असतील तर दोनपट-तीनपटची खरी लेन्स वापरा. ती नसेल तर बोटांनी ताणून झूम करण्यापेक्षा पूर्ण फोटो काढून नंतर कापलेला बरा. निदान किती कापायचं याचा निर्णय शांतपणे घेता येतो.

४. चढण, उतार आणि पायऱ्या

वर सांगितलेला हिशेब सपाट जमिनीचा. आपल्याकडे वाट सपाट असते किती? चढणीच्या वाटेच्या कडा क्षितिजाच्या वर मिळतात, उताराच्या क्षितिजाच्या खाली. त्यामुळे चढणीवर वाट फ्रेममध्ये उभी होते आणि उतारावर पुढच्या उंचवट्याआड गडप होते. उतारावर वाट हरवली की कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरा. अर्धा मीटर उंचीही कधी कधी खालचं वळण परत आणते.

लोहगडवाडीतून वर निघालात की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत पायऱ्यांनी वर जाता. पायऱ्या खालून आणि वरून पूर्ण वेगळ्या दिसतात, हे इथे नीट अभ्यासता येतं. खालून बघताना पायरीचा उभा चेहरा दिसतो, त्यामुळे आडव्या पट्ट्यांची शिडी तयार होते. ऊन बाजूने येत असेल तर प्रत्येक पायरीची कड वेगळी उठून दिसते. वरून बघताना फक्त पाय ठेवायचे सपाट भाग दिसतात, पट्टे पुसट होतात आणि चढण सौम्य भासते. त्यामुळे दमछाक दाखवायची तर खालून, आणि वाटेचा आकार दाखवायचा तर वरून. लोहगडाला दुसरा पर्याय जास्त जमतो: वरच्या दरवाज्यांजवळून खाली पाहिलं की तटबंदी आणि पायऱ्यांचा नागमोडी पट्टा एकातून एक दरवाजे गुंफत उतरताना दिसतो. मोबाइल उभा धरा, वरचा आकाशाचा भाग कमी करा.

खालून वर बघताना मोबाइल मागे कलता होतो आणि दरवाज्याचे उभे दगड, बुरूज, झाडं सगळी आत झुकतात. हे टाळायचं तर मोबाइल जमिनीला काटकोनात सरळ धरा, पाच-दहा पायऱ्या खाली उतरा, आणि खालचा नको असलेला भाग नंतर कापा. नाहीतर मग बेधडक वर तोंड करून काढा. खांब थोडेसेच झुकले तर ती चूक वाटते, पुरते झुकले तर ती निवड वाटते.

चढण किती तीव्र आहे हे समोरून काढलेल्या फोटोत कळत नाही. हरिहर गडाच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांचा फोटो थेट समोरून काढला तर ती भिंतीतली खाचांची रांग वाटते. तीव्रता दाखवायला फ्रेममध्ये खरी उभी किंवा खरी आडवी गोष्ट लागते: सरळ उभा माणूस, क्षितिज, दरवाज्याची चौकट. त्यासाठी थोडं बाजूला सरकून तिरक्या कोनातून काढा. आणि पायऱ्यांवर मध्येच थांबून मोबाइल काढू नका. मागे माणसं अडकतात, हात मोकळे राहत नाहीत, निसटलेला मोबाइल खालच्याच्या डोक्यात जातो. पायऱ्या सुरू होण्याआधी किंवा वरच्या दरवाज्यात पोहोचल्यावर, मोकळ्या जागी उभं राहून काढा.

५. वाट फ्रेममध्ये आत कुठून येते

वाट खालच्या कडेच्या मधोमध आणली की फोटो गंभीर, ठाम होतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तरच हे करा: झाडांची कमान, नाळेच्या भिंती, उसाच्या फडांमधली पाणंद. अशा वेळी खरंच मध्यावर उभं राहा. अर्धवट मध्य सगळ्यात वाईट.

बाकी वेळा वाट खालच्या कडेच्या एका बाजूने आत येऊन तिरकी पलीकडे गेली की नजरेला जास्त प्रवास मिळतो. ती नेमक्या कोपऱ्यातून आत येईल असं मात्र करू नका, कोपरा सोडून थोडी आत घ्या. पडद्यावरची ग्रिड चालू ठेवा. क्षितिज वाकडं झालं की वाटेचा सगळा डोल बिघडतो.

६. वाटेवर माणूस

माणूस आला की मापं कळतात. त्याला कुठे उभं करायचं हे महत्त्वाचं: वळणाच्या अगदी आत, किंवा वाट जिथे चढाला लागते तिथे. टोकाच्या बुरुजासमोर नको, तो आपण मुद्दाम शोधलेला आहे.

सपाट पठारावर कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल तर तेवढ्याच उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, त्यांचे डोळे फोटोत क्षितिजाच्या रेषेवर येतात. म्हणजे क्षितिजाची रेघ प्रत्येकाच्या डोक्यातून आरपार जाते. कमरेपर्यंत खाली या. डोकी आणि खांदे आकाशावर स्वच्छ उमटतील. चालणारा माणूस असेल तर दोन्ही पाय फाकलेले असतानाचा क्षण पकडा, त्यासाठी सलग चार-पाच फोटो घ्या. लाल किंवा पिवळा रेनकोट पावसाळी हिरव्यात सोन्यासारखा कामाला येतो. गावातल्या वाटेवर डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊन येणाऱ्या ताईंना आधी विचारा. नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली.

७. उजेड आणि ऋतू

सूर्य पाठीशी असेल तर वाट सपाट दिसते आणि तुमचीच सावली फ्रेममध्ये येते. बाजूने येणारं ऊन चाकोऱ्या, दगड, पायऱ्या उठवतं. समोरून येणारं ऊन ओल्या कातळावर सगळ्यात देखणं, त्याने ओली वाट चांदीच्या पट्ट्यासारखी चमकते. तुमची वाट कुठल्या दिशेला जाते ते आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा. सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही, हेही लक्षात घ्या: आपल्याकडे जूनच्या शेवटी तो पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेकडे. डिसेंबरात सकाळी बाजूने उजळणारी वाट जूनमध्ये वेगळीच वागते.

पावसाळ्यात धुकं आलं की लोक कॅमेरा आत ठेवतात. उलट तेव्हाच बाहेर काढावा. धुकं अंतर मोजून देतं: जवळचं झाड काळं, पुढचं करडं, त्यापुढचं जेमतेम दिसणारं. अगदी दाट असेल तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबा. ते पातळ होताना वाटेवरचं तिसरं-चौथं झाड नुकतं दिसू लागतं, तो क्षण घ्या. धुक्यात कॅमेरा फोटो करडा आणि अंधारा करतो, म्हणून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. लेन्स प्रत्येक फोटोआधी पुसा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं आणि वाट त्यात स्पष्ट रेघेसारखी उठते, सोंडेवरच्या वाटांसाठी मला हाच काळ सर्वांत आवडतो. हिवाळ्यातल्या सकाळी लांबच्या रांगा एकामागे एक फिकट निळ्या होत जातात. हवेतल्या कणांवरून आणि रेणूंवरून विखुरलेला प्रकाश तुमच्या आणि डोंगराच्या मध्ये साचत जातो, म्हणून लांबची रांग जास्त फिकट. मे महिन्यातली दुपार सोडून द्या, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावल्या झाडाखालीच दडतात.

सप्टेंबरात कासला गेलात तर आखलेली वाट सोडू नका. फुलांच्या मधून वाट गेलेली दिसणं हाच तिथला फोटो आहे, आणि पायाखाली चिरडलेली फुलं त्या हंगामात परत येत नाहीत.

८. फोकस आणि एक्स्पोजर

मोबाइलवर याची फार चिंता नको. वाटेच्या जवळच्या एक-तृतीयांश भागावर बोट टेका, दाबून ठेवून लॉक करा, उजेड वरखाली करा. झाडांच्या बोगद्यातून पलीकडे ऊन दिसत असेल तर उजेड पलीकडच्या टोकाप्रमाणे ठरवा. जळालेलं पांढरं टोक परत आणता येत नाही, अंधार थोडा उचलता येतो.

मोठ्या कॅमेऱ्यावर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) १८ मिलिमीटरवर, एफ/८ ठेवून (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), फोकस दोन मीटरवर केला की एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर, एफ/११ आणि पावणेदोन मीटर हे आकडे जवळजवळ तोच परिणाम देतात. एफ/१६ च्या पलीकडे जाऊ नका, एकूण धार बोथट होते. ओल्या पानांची आणि कातळाची चमक नडत असेल तर पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, लेन्सवर लावून फिरवून बघा. पण समोरून ऊन येऊन वाट चमकत असेल तेव्हा तो काढून ठेवा, नाहीतर नेमकी तीच चमक जाईल.

९. घरी आल्यावर

आधी क्षितिज सरळ करा, मग कापा. खालचा रिकामा भाग कापताना वाट फ्रेममध्ये जिथून आत येते ती जागा पुन्हा तपासा. कापल्यावर ती बऱ्याचदा नेमकी कोपऱ्यात जाऊन बसते. वाट किंचित उजळ करा आणि आजूबाजूचं गवत किंचित गडद, म्हणजे बघणाऱ्याला कळणार नाही एवढंच. डीहेझची, म्हणजे धूसरपणा घालवणारी, पट्टी मात्र लांबच्या डोंगरांवर ओढू नका. ती ओढली की मागची रांग पुढच्या रांगेएवढीच गडद होते, दोन्ही एकमेकींना चिकटतात आणि हवेने फुकट दिलेलं अंतर तुम्हीच पुसून टाकता. तिची गरज वाटलीच तर ती फक्त फोटोच्या खालच्या भागावर, वाटेच्या दगडांवर वापरा.